वाचक विचारतात : किरणोत्सवाच्या दोन तारखा, फ्लॉरेन्समधील छत्री आणि उपासाचा फराळ

इतिहास, स्वयंपाकघर आणि निसर्ग यांतील चमत्कारिक योगायोगांविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. आलेली बहुतेक पत्रे कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील आहेत, त्यामुळे उत्तरांची सुरुवातही इथूनच होते. काही योगायोगांमागे भक्कम कारण असते आणि काहींमागे कसलेही कारण नसते. कोणता योगायोग कोणत्या बाजूचा, हे स्पष्टपणे सांगणे हे या सदराचे काम आहे असे आम्ही मानतो, कारण कारण असलेल्या गोष्टीला चमत्कार म्हणणे आणि कारण नसलेल्या गोष्टीला ओढूनताणून कारण चिकटवणे, या दोन्हींत नुकसान जिज्ञासेचेच होते.

प्रश्न : अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस, असा वर्षातून दोनदा का होतो? शिवाय नोव्हेंबरमध्ये किरणे पावणेसहाच्या आसपास देवीपर्यंत पोहोचतात, तर जानेवारीत सव्वासहाच्या आसपास. हा अर्ध्या तासाचा फरक कशामुळे पडतो?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग फारसा कोणी विचारत नाही, म्हणून तो वाचून विशेष आनंद झाला. आधी पहिल्या भागाकडे वळू.

किरणोत्सवाच्या परंपरेने ठरलेल्या तारखा ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी अशा आहेत. देवी पश्चिमाभिमुख आहे. मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात, कासव चौकातून पितळी उंबऱ्यावर येतात आणि मग गाभाऱ्यात प्रवेश करतात. पहिल्या दिवशी ती चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावीत, अशी अपेक्षा असते.

सूर्य रोज एकाच ठिकाणी मावळत नाही. जूनच्या अखेरीपासून मावळतीचा बिंदू क्षितिजावर दक्षिणेकडे सरकत जातो, २१-२२ डिसेंबरला तो दक्षिणेच्या टोकाला पोहोचतो आणि तेथून उत्तरेकडे परत फिरतो. त्यामुळे दोन टोकांच्या मधल्या कोणत्याही बिंदूवर सूर्य वर्षातून दोनदा मावळतो, एकदा जाताना आणि एकदा येताना. आता तारखा मोजून पाहावे. १० नोव्हेंबर ही तारीख डिसेंबरच्या त्या टोकाच्या सुमारे ४२ दिवस आधी येते आणि १ फेब्रुवारी ही तितकेच दिवस नंतर. या दोन्ही दिवशी सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. म्हणजे किरणोत्सवाचे दोन काळ हे दोन वेगळे प्रसंग नाहीत. एकाच रेषेवरून सूर्याचे ते जाणे आणि येणे आहे. नोव्हेंबरमध्ये तो त्या रेषेवरून दक्षिणेकडे निघालेला असतो, फेब्रुवारीत उत्तरेकडे.

उत्सव तीनच दिवसांचा का, याचेही उत्तर यातच आहे. या दिवसांत मावळतीचा बिंदू रोज साधारण सूर्यबिंबाच्या अर्ध्या रुंदीइतका सरकतो. इतक्या लांब आणि अरुंद वाटेतून किरणांना गाभारा गाठायचा असेल, तर थोडेच दिवस ते शक्य होते. वाटेत एखाद्या इमारतीचा कठडा किंवा पाण्याची टाकी आली, अथवा क्षितिजाजवळ ढग, धुके किंवा धूळ असली, तर किरणे अलीकडेच क्षीण होतात. महाद्वार रोडवरील अडथळ्यांची चर्चा दर वर्षी होते ती उगाच होत नाही. एका संध्याकाळपुरते पाहिले तर प्रकाश पायांकडून वर चढतो, कारण सूर्य जसजसा खाली उतरतो तसतशी किरणे अधिक आडवी होतात आणि आधी जमिनीवर पडणारा कवडसा आत व वर सरकतो.

आता अर्ध्या तासाचा प्रश्न. आपली घड्याळे सरासरी सूर्यावर चालतात, म्हणजे वर्षभर एकसारख्या गतीने चालणारा सूर्य मानून त्यांची वेळ ठरवलेली असते. प्रत्यक्षात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे खरा सूर्य कधी या मानलेल्या सूर्याच्या पुढे असतो, तर कधी मागे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सुमारे १६ मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुमारे १४ मिनिटे मागे. दोन्हींची बेरीज अर्धा तास होते. सूर्य आकाशात त्याच ठिकाणी असतो, वेळ मात्र घड्याळात वेगळी दिसते. नवव्या-दहाव्या इयत्तेतल्या मुलांना हे मंदिरात उभे राहून समजावून सांगता येईल, आणि शिक्षकांनी तसे जरूर करावे.

या सगळ्यात एक निव्वळ योगायोगही आहे. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर आहेत आणि किरणोत्सवाच्या दिवसांत सूर्य विषुववृत्ताच्या जवळजवळ तेवढाच, म्हणजे सुमारे १७ अंश, दक्षिणेला असतो. तो तेवढाच उत्तरेला येतो तेव्हा कोल्हापूरच्या डोक्यावर असतो आणि भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ते दिवस ६-७ मे आणि ऑगस्टचा पहिला आठवडा यांच्या आसपास येतात. ६ मे हा राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन. १९२२ साली याच तारखेला मुंबईत त्यांचे निधन झाले. तारखांच्या या जुळण्यामागे कारण शोधू नये, कारण ते नाही.

प्रश्न : कोल्हापूरच्या एका महाराजांची समाधी इटलीत आहे, असे आजोबांकडून ऐकले होते. हे खरे आहे का? असल्यास ते तिथे कसे पोहोचले?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : आजोबांनी सांगितले ते खरे आहे. ते महाराज म्हणजे छत्रपती राजाराम. १८७० साली ते इंग्लंडच्या प्रवासाला गेले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे २० वर्षांचे होते आणि फ्लॉरेन्स ही तेव्हा इटलीची राजधानी होती. बरोबरच्या मंडळींनी हिंदू पद्धतीने दहन करण्याचा आग्रह धरला. परक्या ख्रिस्ती देशात ही परवानगी मिळणे सोपे नव्हते, तरीही ती मिळाली. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. संगमावर अंत्यसंस्कार व्हावेत ही आपल्याकडची इच्छा तिथे, हजारो मैलांवर, पूर्ण झाली, याचे आम्हांला आजही फार वाटते.

त्याच जागी, कॅशिने नावाच्या मोठ्या उद्यानाच्या टोकाला, १८७४ मध्ये भारतीय धाटणीची छत्री उभी राहिली. तिच्यात महाराजांचा रंगीत संगमरवरी अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सचे लोक त्या स्मारकाला ‘इंडियानो’, म्हणजे भारतीय, म्हणून ओळखतात, आणि १९७८ मध्ये जवळच आर्नोवर झालेल्या मोठ्या पुलाला हेच नाव मिळाले. आज त्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांना हा भारतीय कोल्हापूरचा होता हे ठाऊक असेल, हा विचार मनात येतो. महाराजांनी प्रवासात लिहिलेली रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित केली आणि ती १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली.

आता खरा योगायोग. छत्रीचे आरेखन ज्यांनी केले ते चार्ल्स मँट हेच कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे आणि टाउन हॉलचेही वास्तुविशारद. या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून निघालेली ग्रीक समुद्रदेव पोसायडन याची लहानशी कांस्यमूर्ती ठेवलेली आहे. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात तेथे सापडलेल्या वस्तूंनी अभ्यासकांना थक्क केले होते, कारण समुद्र इथून सह्याद्री ओलांडून पलीकडे आहे. सातवाहन काळात कोकणातल्या बंदरांवर उतरलेला भूमध्य समुद्राकडचा माल घाटवाटांनी वर येत असे, आणि ब्रह्मपुरी ही त्या व्यापाराची संपन्न पेठ होती. त्यामुळे मूर्ती इथे सापडणे हा योगायोग मानता येत नाही, त्यामागे व्यापार आहे. पण इटलीत भारतीय छत्री आणि कोल्हापुरात रोमन काळातील मूर्ती, आणि या दोन्हींवरची छपरे एकाच माणसाने आखलेली, याला मात्र योगायोग म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. ज्यांनी ही मूर्ती पाहिली नसेल त्यांनी टाउन हॉलच्या बागेत फिरायला गेल्यावर आत जाऊन ती अवश्य पाहावी. ती वीतभरही नाही, पण तिच्यासमोर पाय थबकतात.

आणखी एक नोंद. राजाराम महाराजांच्या मागून दत्तक आलेले शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगर येथे निवर्तले, आणि पुढच्या वर्षी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक येऊन शाहू महाराज झाले. त्यांचा जन्म २६ जून १८७४ चा. म्हणजे फ्लॉरेन्सची छत्री ज्या वर्षी उभी राहिली, त्याच वर्षी कोल्हापूरचे भवितव्य बदलणारा हा राजा जन्माला आला.

प्रश्न : माझ्या वर्गात ४० मुले आहेत आणि त्यांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. वर्षात ३६५ दिवस असताना असे कसे घडते?
— शिक्षक, गारगोटी

उत्तर : न घडते तरच नवल होते. एका ठरावीक मुलाची तारीख दुसऱ्याशी जुळणे कठीण असते, पण आपण कोणत्याही दोघांची जुळवाजुळव पाहत असतो, आणि ४० मुलांमध्ये अशा ७८० जोड्या होतात. एकत्र जमलेली माणसे २३ असली तरी दोघांची तारीख जुळण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते. ४० जणांत ती सुमारे ८९ टक्के असते. मात्र जुन्या पिढीच्या हजेरीपटात १ जून ही जन्मतारीख ओळीने दिसली, तर हे गणित तिथे लावू नये. जन्माची नोंद नसलेल्या मुलांची नावे शाळेत घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेली ती तारीख आहे, आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतील अगणित आजी-आजोबांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो.

प्रश्न : साबुदाण्याची खिचडी आपली इतकी जुनी, मग शास्त्रांत तिचा उल्लेख का सापडत नाही? उपासाला नेमके कोणते पदार्थ ‘आपले’ आहेत?
— गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : उपासाच्या ताटाइतका विलक्षण योगायोग मराठी स्वयंपाकघरात दुसरा नसेल. आषाढीच्या दिवशी आपण खिचडी करायला घेतो तेव्हा पुढ्यात काय काय असते ते पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका मूळचा ब्राझीलकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा तिथल्याच अँडीज पर्वतातला आणि हिरवी मिरचीही अमेरिका खंडातली. खिचडीबरोबर रताळ्याच्या गोड फोडी केल्या तर रताळेही तिकडचेच, आणि वर राजगिऱ्याचा लाडू घेतला तर राजगिराही मेक्सिको आणि अँडीजच्या शेतांतला. तूप, जिरे आणि मीठ एवढेच काय ते अमेरिकेतून आलेले नाही. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचण्यापूर्वी भारतातल्या कोणत्याही एकादशीला यातली एकही मुख्य वस्तू ताटात असणे शक्य नव्हते.

ही सगळी नवी मंडळी नेमकी उपासाच्याच ताटात एकत्र कशी आली, या प्रश्नाला उत्तर आहे. उपासाला धान्ये आणि डाळी वर्ज्य आहेत, कंद, मुळे आणि फळे चालतात. चालणाऱ्या-न चालणाऱ्यांच्या याद्या रूढ झाल्या तेव्हा ही पिके इथे नव्हती, त्यामुळे त्यांचे नाव वर्ज्य पदार्थांत येण्याचा प्रश्नच नव्हता. पोर्तुगिजांची जहाजे आली, १५१० मध्ये गोवा त्यांच्या ताब्यात गेला, आणि समुद्रापलीकडून आलेली रोपे हळूहळू घाट चढून देशावर रुजली. बटाटा, रताळे आणि टॅपिओका हे कंद-मुळांच्या पंगतीत सहज बसले. शेंगदाण्याचे मात्र खरोखर नवल वाटते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो तूर-हरभऱ्याच्या कुळातला आहे, तरीही तूर वर्ज्य आणि शेंगदाणा चालतो. जुन्या यादीत नाव नसल्याचा एवढा लाभ दुसऱ्या कोणत्याच पिकाला झाला नसेल.

साबुदाण्याची कथा तर फारच अलीकडची आहे. मूळ साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून करत आणि तो आयात होत असे. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबली, आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकापासून साबुदाणा तयार करण्याचा उद्योग उभा राहिला. आज आपण खातो तो हा. म्हणजे आपल्या पणजीने खिचडी केली असली, तरी तिचा साबुदाणा बहुधा वेगळ्याच झाडाचा होता.

राजगिऱ्याविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेक्सिकोतील ॲझ्टेक लोक राजगिऱ्याचे पीठ गोड पाकात मळून त्याच्या देवमूर्ती करत आणि सणाच्या दिवशी त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना हे खपले नाही आणि तिथे राजगिऱ्यावर अवकळा आली. आजही मेक्सिकोत फुलवलेला राजगिरा मध किंवा गुळासारख्या पाकात घालून त्याच्या वड्या थापतात, त्यांना ‘अलेग्रिया’ म्हणतात. आपल्या यात्रेतल्या राजगिऱ्याच्या वडीशेजारी ती ठेवली, तर वेगळी ओळखणे अवघड जाईल. दोन दूरच्या समाजांनी एकच दाणा देवाच्या नावाने, त्याच पद्धतीने गोड केला, यात परस्परांकडून शिकण्याचा भाग दिसत नाही. फुललेला हलका दाणा पाकाशिवाय एकत्र धरता येत नाही, एवढे साधे कारण दोन्हीकडे पुरले असावे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. वरी, शिंगाडा आणि सुरण हे या भूमीत पूर्वापार चालत आलेले आहेत. वरीच्या तांदळाला साबुदाण्यापुढे दुय्यम मानण्याची पद्धत पडली आहे, ती आम्हांला योग्य वाटत नाही. चवीने आणि पचायला वरी उजवी आहे.

प्रश्न : तांबड्या रश्श्याने माणसाच्या डोळ्यांत पाणी येते, पण आमचा पोपट आख्खी हिरवी मिरची मजेत खातो. त्याला तिखट कसे लागत नाही?
— इयत्ता सातवीतील वाचक, कागल

उत्तर : बाळा, तुझे निरीक्षण अगदी नेमके आहे. तिखट ही जिभेची चव नाही, ती भाजल्याची जाणीव आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिन या द्रव्यामुळे आपल्या मज्जातंतूंवरचा एक ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारा घटक, चेतवला जातो. हाच ग्राहक सुमारे ४३ अंशांपेक्षा जास्त तापमानाचा चटका ओळखतो, म्हणून रस्सा कोमट असला तरी मेंदूला तोंड पोळल्याचाच निरोप जातो. हा ग्राहक डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये मिरचीच्याच मदतीने शोधला, आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पक्ष्यांचा हा ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून तुझा पोपट निवांत असतो. यात मिरचीच्या झाडाचा फायदा आहे. उंदरासारखे प्राणी बिया चावून नष्ट करतात, पक्ष्याच्या पोटातून मात्र त्या शाबूत बाहेर पडतात आणि दूरवर रुजतात. सर्वांत जास्त तिखटपणा बियांमध्ये नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतो. घरी आई संकेश्वरी मिरचीची देठे काढत असेल तेव्हा एक मिरची उभी चिरून ती शीर नीट पाहा, आणि मग हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नकोस. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून तिखट लागल्यावर पाणी पिऊन भागत नाही. दूध किंवा दही घ्यावे.

प्रश्न : राधानगरीकडच्या डोंगरावरची कारवी सात वर्षांतून एकदा आणि सगळी एकाच वेळी फुलते. झाडांना वर्षे मोजता येतात का?
— निवृत्त वनकर्मचारी, राधानगरी

उत्तर : मोजता येतात असेच म्हणावे लागते, आणि त्यात कारवी एकटी नाही. अमेरिकेत १३ वर्षांनी आणि १७ वर्षांनी जमिनीतून बाहेर येणारे रातकिड्यांसारखे कर्कश ओरडणारे सिकाडा आहेत. १३ आणि १७ यांचा गुणाकार २२१ होतो, म्हणून दोन ठरावीक समूहांची गाठ २२१ वर्षांनीच पडते. २०२४ मध्ये तशी गाठ पडली, त्याआधी १८०३ मध्ये पडली होती, म्हणजे आपल्याकडे असईची लढाई झाली त्या वर्षी.

एकाच वेळी फुलण्यामागचे कारण बियांच्या राखणीत आहे. थोड्याच बिया धरल्या तर उंदीर, किडे आणि पाखरे त्या संपवून टाकतात. अनेक वर्षे काहीच न देता एकाच हंगामात अतोनात बिया दिल्या, की खाणाऱ्यांची पोटे भरूनही पुष्कळ उरतात. मिझोराममधील एका बांबूचे हे चक्र सुमारे ४८ वर्षांचे आहे, आणि तिथे त्याचा परिणाम भीषण झालेला आहे. बांबूची फळे खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि फळे संपली की भातशेतीवर तुटून पडतात. मिझो लोक या आपत्तीला ‘मौताम’ म्हणतात. १९५८-५९ च्या मौतामनंतर दुष्काळ पडला. त्यात मदतीसाठी लालडेंगा यांनी उभारलेल्या संघटनेचे पुढे राजकीय पक्षात रूपांतर झाले, १९६६ मध्ये बंड झाले, १९८६ मध्ये शांतता करार झाला आणि १९८७ मध्ये मिझोराम हे स्वतंत्र राज्य झाले. एका बांबूच्या फुलण्याची दखल देशाच्या इतिहासाला इतक्या दूरपर्यंत घ्यावी लागली. २००६-०७ मध्ये तो बांबू पुन्हा फुलला, तेव्हा त्याची तारीख आधीच ठाऊक असल्याने प्रशासनाला तयारीला वेळ मिळाला होता.

कारवीमुळे असा धोका संभवत नाही. उलट ती फुलते त्या वर्षी मधमाश्यांना सुगी असते. फक्त एक लक्षात ठेवावे : सगळ्या सह्याद्रीतली कारवी एकाच वर्षी फुलत नाही, निरनिराळ्या डोंगरांचे वर्ष निरनिराळे असते. आपण इतकी वर्षे जंगलात काढली आहेत, तेव्हा दाजीपूर, राधानगरी आणि गगनबावड्याकडच्या कोणत्या उतारावर कारवी कोणत्या पावसाळ्यात फुलली, हे आठवेल तसे लिहून पाठवावे. एकाच भागातल्या अशा नोंदी फार मोलाच्या आहेत, आणि त्या आम्ही या सदरात छापू.